आईची वही आणि तिच्यातले शेजारी

या मालिकेत आपण आतापर्यंत बहुतेक लढायांबद्दल, किल्ल्यांबद्दल आणि सैन्याच्या वाटांबद्दल बोललो. आज मी एक वही घेऊन बसलो आहे. लाल पुठ्ठ्याची, कडा झिजलेली, हिशेबाची असावी तशी लांबट वही. माझ्या आईची स्वयंपाकाची वही. पहिल्या पानावर हळदीचा डाग आहे आणि मधली काही पाने तेलाने इतकी पारदर्शक झाली आहेत की मागचे अक्षर पुढे वाचता येते.

फौजेतून निवृत्त झालेला माणूस पाककृतींवर काय बोलणार, असे काहींना वाटेल. पण फौजेचे अर्धे काम पोटाचेच असते. पानिपतावर १७६१ च्या जानेवारीत मराठी सैन्य मैदानात उतरले ते उपासमारीने घायकुतीला येऊन. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि छावणीकडे येणारे धान्य आटत गेले. तोफा आणि घोडे यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले, पण त्या छावणीत चुली कोणी मांडल्या, कशावर काय शिजवले, हे कोणी लिहून ठेवले नाही. हा इतिहास घराघरांतल्या वह्यांत थोडाफार उरला आहे, तोही तुकड्यातुकड्यांनी. म्हणून ही वही मी एखाद्या पलटणीच्या रोजनिशीसारखी वाचायला घेतली.

वडील रेल्वेत होते. आम्ही आधी सोलापूरला होतो, मग हुबळीला. त्या काळी ही दोन्ही ठाणी दक्षिण मध्य रेल्वेत होती, त्यामुळे बदल्या या टापूत होत. आईची वही लग्नानंतर, पन्नासच्या दशकात सुरू झाली आणि प्रत्येक बदलीबरोबर वाढत गेली. गंमत अशी की तिच्यात पदार्थांना मथळे आहेत ते माणसांवरून. ‘वन्संचे लोणचे’, ‘बेळगावच्या वहिनींचा कुंदा’, ‘आत्यांचा मसाला’, ‘खालच्या घरातल्यांचे उप्पीट’. वही उघडली की पदार्थांच्या आधी नातेवाईक आणि शेजारी भेटतात.

हुबळीच्या पानांवर एक नोंद आहे: ‘रसवांगी. शेजारच्या मामींकडून.’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘आपलीच वाटते.’

या तीन शब्दांनी मला बरेच फिरवले.

मामी तंजावरकडच्या. त्यांच्या यजमानांची नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपात. घरात मराठी बोलत, पण ती मराठी आम्हा मुलांना निम्मी कळायची. तमिळचे हेल, मध्येच एखादा जुना शब्द. आम्ही हसायचो. आई दटावायची, ‘हसू नका, ते तुमच्या आधीचे आहेत.’ तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला नव्हता.

१६७६ च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी तंजावर घेतले. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर गेले तेव्हा या सावत्र भावांची भेट झाली. ती फारशी गोड झाली नाही, हे आपण मागे पाहिले आहे. तंजावरचे भोसल्यांचे राज्य मात्र १८५५ पर्यंत टिकले, म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक. सातारची गादी १८४८ मध्ये खालसा झाली, पेशवाई तर १८१८ लाच बुडाली होती. महाराष्ट्रातले दोन्ही दरबार उठल्यावरही कावेरीकाठी मराठी गादी होती. तिथल्या बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरलेला आहे. एवढा लांब शिलालेख क्वचितच कुठे पाहायला मिळेल.

राज्याबरोबर फक्त सरदार जात नाहीत. कारकून जातात, पुजारी, वैद्य, कीर्तनकार, आचारी जातात, आणि त्यांच्या मागून बायकामुले. आता विचार करा, देशावरून कावेरीच्या खोऱ्यात गेलेल्या बाईला तिथे काय मिळणार? ज्वारी-बाजरीऐवजी तांदूळ. आमसुलाऐवजी चिंच. ओल्या नारळाला तोटा नाही. तीळ आहेत, पण तेलही तिळाचेच. भाजी बदलली नाही तरी तिची आंबटगोड बाजू आणि वाटण बदलणारच.

रसवांगी म्हणजे वांग्याच्या फोडी, शिजवलेली तुरीची डाळ, चिंचेचा कोळ, आणि धने, हरभरा डाळ, लाल मिरच्या व खोबरे भाजून केलेले वाटण. आज ती तमिळ घरांतही होते, आणि करणाऱ्याला ती तमिळच वाटते. पण तमिळमध्ये वांग्याला ‘कत्तरिक्काय’ म्हणतात. मग या नावात ‘वांगी’ कुठून आली? तीच गोष्ट कर्नाटकातल्या वांगीभाताची. कन्नडमध्ये वांग्याला ‘बदनेकायी’, आणि भाताचे नाव मात्र वांगीभात. ज्या प्रांतात भाजीचे स्वतःचे नाव ठणठणीत आहे, तिथे पदार्थ परक्या नावाने ओळखला जात असेल तर तो बाहेरून आला, असे मानायला जागा आहे. आईच्या ‘आपलीच वाटते’ला पुरावा मिळाला तो असा.

असे आणखी आहेत. तमिळ घरांत ‘डांगर पचडी’ होते: उडदाचे पीठ दह्यात कालवून वर फोडणी. आपल्याकडे कोकणात आणि देशावर उडदाच्या भाजलेल्या पिठाला डांगरच म्हणतात. (विदर्भ-खानदेशातल्या श्रोत्यांनी रागावू नये, तुमच्याकडे डांगर म्हणजे लाल भोपळा, ठाऊक आहे.) ‘पिटलै’ नावाचा पदार्थ तर जास्त मजेशीर. त्याचे नाव आपल्या पिठल्यावरून आले असे सांगतात, पण त्यात बेसन शोधूनही सापडत नाही. कारल्याच्या किंवा वांग्याच्या फोडी, डाळ, चिंच आणि भाजलेले वाटण. नाव प्रवासाला निघाले आणि पीठ वाटेत कुठेतरी राहिले.

सांबाराची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. संभाजी महाराज तंजावरला आले, मुदपाकखान्यात आमटीसाठी आमसुले नव्हती, शहाजीराजांनी चिंच घालायला लावली आणि पाहुण्यांच्या नावावरून ‘सांबार’ झाले. गोष्ट गोड आहे, म्हणून ती खूप फिरते. पण पुरावा मागितला की गडबड होते. हे शहाजी, म्हणजे एकोजींचे पुत्र, १६८४ मध्ये गादीवर आले, आणि संभाजी महाराजांचा वध १६८९ चा. मधली पाच वर्षे महाराज मोगलांशी झुंजत होते. त्या धामधुमीत तंजावरला निवांत पंगत बसल्याची समकालीन नोंद नाही. शिवाय चिंच घातलेली डाळ दक्षिणेत त्याआधीपासून होतीच. १६४८ च्या ‘कंठीरव नरसराज विजय’ या कन्नड काव्यात ‘हुळी’चा उल्लेख आहे, आणि हुळी म्हणजे सांबाराची सख्खी बहीण. संस्कृतात ‘संभार’ म्हणजे साहित्य, सामग्री, आणि त्यावरून मसाल्याची सामग्री. नागपूरकडे आजही कोथिंबिरीला ‘सांबार’ म्हणतात, आणि तिथली सांबारवडी संभाजी महाराजांनी कोणाकडे खाल्ली असा दावा अजून तरी कोणी केलेला नाही. मी मराठा सैन्याचा अभिमान बाळगणारा माणूस आहे, पण जी लढाई झाली नाही तिचे पदक छातीवर लावू नये.

खरे पदक तंजावरला वेगळ्या जागी आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ पंडितांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यांना एकोजींची राणी दीपाबाई हिचा आश्रय होता. अन्नाचे गुणदोष, पदार्थ, देशी नावे असे बरेच त्यात आहे. आपल्या जिलबीच्या इतिहासावर पुण्यात संशोधन करणाऱ्या प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाचा आधार घेतला होता. पुढे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळात ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ लिहिले गेले. ही हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. राजाने आपल्या मुदपाकखान्यातल्या कृती मोडीत उतरवून घेतल्या. त्यात शाकाहारी स्वयंपाक आहे, सामिष आहे आणि इंग्रजी पद्धतीचाही आहे. १७९९ मध्ये राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, राजाकडे किल्ला आणि आसपासचे थोडे उरले. राज्य गेलेल्या राजाने ग्रंथालय वाढवले आणि स्वयंपाकघराच्याही नोंदी ठेवल्या. मला हे फार मोठे वाटते.

छापील मराठीत यायला आणखी वेळ लागला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ आले, हजार पाकक्रियांचे. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि तिने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर नेले. आमच्या घरी ‘रुचिरा’ होती, पण आई ती वाचायची पेपरासारखी. करायची मात्र वहीतले.

आता वहीतल्या प्रमाणांकडे येतो, कारण तिथे माझी फजिती झाली. आई गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी ‘आत्यांचा मसाला’ करायला घेतला. वहीत लिहिले होते: धने एक शेर, सुके खोबरे पाऊण शेर, तीळ अर्धा शेर, मग दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, शहाजिरे, लवंग, दालचिनी हे सगळे तोळ्यांत. मी फौजी शिस्तीने रूपांतर केले. दशमान वजने १९५६ च्या कायद्याने आली, त्याआधीचा पक्का शेर म्हणजे ऐंशी तोळे, ९३३ ग्रॅम. तोळा ११.६६ ग्रॅम. वजनकाटा आणला, सगळे तंतोतंत मोजले, भाजले, कुटून आणले. मसाला झाला तो नुसता धन्यांचा. आमटीला आईच्या हाताचा वाससुद्धा नाही. मुलगी म्हणाली, ‘बाबा, चांगला आहे.’ ती चांगला आहे असे म्हणते तेव्हा काय समजायचे ते मला कळते.

उलगडा ताईने केला. फोनवर तिने विचारले, ‘धने तू वजनाने घेतलेस की काय?’ जुन्या घरात शेर दोन होते. एक वजनाचा, एक मापाचा. धान्य, धने, तीळ मापाने. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. सोने, केशर, लवंग तोळ्याने. वहीत ‘शेर’ असा एकच शब्द, कारण लिहिणारीला तो कुठला हे वेगळे सांगायची गरज वाटली नाही. ताईकडे आजीचे पितळी मापटे होते. ते मागवून घेतले, धन्यांनी शिगोशीग भरले आणि काट्यावर ठेवले. १७० ग्रॅम भरले. मापट्याचे दोन म्हणजे शेर, म्हणजे ३४० ग्रॅम. मी ९३३ घातले होते, जवळजवळ पावणेतीनपट. खोबरे मात्र वजनाने, कारण वाट्या मापात बसत नाहीत. शिवाय ही मापे गावोगाव वेगळी असायची, म्हणून दुसऱ्या कोणाच्या वहीतल्या शेराला माझे ३४० ग्रॅम लावू नका. तुमच्या घरातले मापटे शोधा. अडगळीत असेल, नाहीतर त्यात आता पेने ठेवलेली असतील.

वहीत आणखी एक माप आहे, ‘दोन पैशांची कोथिंबीर’. याचे रूपांतर करायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

या मसाल्याच्या आत्या म्हणजे वडिलांच्या आत्या. आठव्या-नवव्या वर्षी लग्न आणि तेराव्या वर्षी वैधव्य. केशवपन झालेल्या, लाल आलवणातल्या, भावाच्या घरी आश्रित. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, पण तिथपर्यंत पोचल्या त्या थोड्या. बाकीच्या हजारो जणी भावाच्या, दिराच्या, पुतण्याच्या घरी चुलीपाशी राहिल्या. कोणाचे बाळंतपण, कोणाची मुंज, कोणाचे श्राद्ध, की त्यांना बोलावणे जाई. आज या घरी, उद्या त्या घरी. कोकणातली कृती देशावर आणि देशावरची वऱ्हाडात गेली, ती पुष्कळदा या बायकांच्या हातून. आपण ‘घराण्याची चव’ म्हणतो तिचा पाया त्यांच्या फुकटच्या श्रमावर आहे. आमच्या आत्यांना लिहिता येत नव्हते. त्या सांगत गेल्या, आईने लिहून घेतले. त्यांचा एकही फोटो नाही. मसाला आहे.

दुसऱ्या दिशेचा प्रवासही सांगायला हवा, नाहीतर इंदूर-बडोद्याचे श्रोते मला पत्र पाठवतील. माझी महूला नेमणूक असताना इंदूरच्या सराफ्यात रात्री ‘भुट्टे का कीस’ खायचो. हिंदीत किसायला ‘कद्दूकस करना’ म्हणतात, ‘कीस’ हा आपला शब्द. होळकरांच्या राज्याची मोहर मक्याच्या कणसावर उमटलेली आहे. बडोद्यात रस्त्यावर ‘सेव-उसळ’ मिळते. शेव गुजरातची, उसळ गायकवाडांबरोबर गेलेल्या लोकांची, आणि दोघींचा संसार एका बशीत. उलट आपण ज्याला अगदी घरचा म्हणतो त्या उप्पिटाचे नाव कन्नड, ‘उप्पु’ म्हणजे मीठ आणि ‘हिट्टु’ म्हणजे पीठ.

आणि साबुदाण्याची खिचडी! एकादशीला आजीच्या आजीपासून चालत आलेली, असे प्रत्येक घरात सांगतात. साबुदाणा पूर्वी मलायाकडून यायचा, तिथल्या सागो नावाच्या ताडाच्या जातीच्या झाडापासून केलेला. आजचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा. त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी एकोणिसाव्या शतकात त्या कंदाच्या लागवडीला उत्तेजन दिले, आणि दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल बंद पडल्यावर तमिळनाडूतल्या सेलमकडे त्याचे कारखाने उभे राहिले. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, बटाटाही तिकडचाच. खिचडीत आपले म्हणावे असे जिरे आणि तूप. तरी ती उपासाला चालते आणि टोमॅटो चालत नाही. यावर मी घरी वाद घातला होता. हरलो.

आता त्या पानाकडे येतो, ज्याच्यासाठी खरे तर हा भाग केला. सोलापूरच्या नोंदींत एक आहे: ‘बाईंची शेंगाचटणी.’ बस्स. कोणत्या बाई, ते नाही. वन्सं, वहिनी, मामी, आत्या सगळ्यांचे नाते लिहिणाऱ्या आईने इथे नुसते ‘बाई’ लिहिले आहे. कृती मात्र वहीतल्या सगळ्या कृतींपेक्षा तपशीलवार. दाणे मंद आचेवर भाजायचे, साले पूर्ण काढायची नाहीत, लसूण सोलून घ्यायचा, तिखट, जिरे, मीठ, आणि उखळात कुटायचे ते तेल सुटून गोळा होईपर्यंत. ‘मध्येच थांबू नये, कोरडी होते. बाई सांगतात, हात दुखला की समजावे निम्मे झाले.’

मला त्या बाई आठवतात. मी सात-आठ वर्षांचा असेन. त्या कांडण करायला आणि भांडी घासायला येत. मागच्या दाराने येत. त्यांचा कप परसात एका कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे, कान तुटलेला. आई वरून चहा ओतायची. उखळ परसात होते, चटणी तिथेच व्हायची, आणि त्यांच्या हातची कुटलेली चटणी आम्ही आनंदाने खायचो, कारण कोरडी चटणी चालत असे. पाणी चालत नसे. हा नियम कोणी शिकवला नव्हता, पण आम्हा मुलांना तो पाठ होता.

शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतल्या अन्नाबद्दलचे. ते वाचताना मला सारखा तो कोनाडा दिसत होता. छापील पाकपुस्तकांच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जी घरे आलीच नाहीत त्यांच्या कृती त्यात आहेत. शेजार म्हणून आपण जे कौतुकाने सांगतो, त्याच्या भिंती कुठे होत्या हे त्या पुस्तकातून कळते. तंजावरच्या मामी सुमारे तीनशे वर्षांच्या अंतरावरून आमच्या वहीत नात्यासकट आल्या. या बाई परसातून आत आल्या नाहीत, पण त्यांची चटणी आमच्या तीन पिढ्यांच्या डब्यातून गेली. काश्मीरमध्ये चौकीवर असताना आई पार्सलने पाठवायची ती हीच. माझ्या पलटणीतले जवान तिला ‘साहबवाली चटणी’ म्हणायचे.

गेल्या वर्षी मुलीने वही संगणकावर उतरवायला घेतली. या नोंदीशी येऊन थांबली आणि म्हणाली, ‘बाबा, इथे नाव काय लिहू?’ मी ताईला फोन केला. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, तिला सगळे आठवते. कुठल्या दिवशी कुठली साडी कोणी नेसली होती तेही सांगते. बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, ‘त्यांना मुलाच्या नावाने हाक मारायचे रे, अमक्याची आई म्हणून. मुलाचे नाव… थांब.’ नाही आठवले. दोन दिवसांनी तिचा स्वतःहून फोन आला. तो मुलगा आमच्याच नगरपालिकेच्या शाळेत होता एवढे आठवले, नाव नाही.

मुलीने मथळ्यात ‘बाईंची शेंगाचटणी, सोलापूर, रेल्वे वसाहत, साधारण १९६८’ असे लिहिले आहे आणि पुढे नावासाठी जागा रिकामी सोडली आहे. त्या वेळी तिथे राहिलेले कोणी ऐकत असेल, आणि परसदारी उखळ असलेल्या त्या चाळीतल्या कांडणाच्या बाई कोणाला आठवत असतील, तर मला अवश्य कळवा.